धातूचा भाव, कोटेशनची मुदत आणि मधले दिवस

प्रश्न थोडक्यात असा: हीट एक्स्चेंजर आणि प्रेशर व्हेसल बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना आहे. एलएमईवर, म्हणजे लंडन मेटल एक्स्चेंजवर, तांबं आणि निकेल उतरल्याच्या बातम्या येतात, पण ट्यूबवाला भाव खाली आणत नाही. भाव चढला की मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नवा दर हजर. त्यात ग्राहकाला ९० दिवस वैध राहील असं कोटेशन हवंय. मग माल भरून ठेवावा, हेजिंग करावं (एक्स्चेंजवर सौदा करून पुढचा भाव आजच बांधावा), की किंमतच थोडी चढवून सांगावी?

किंमत चढवून सांगू नका, ऑर्डर हातची जाईल. हेजिंग बहुधा तुमच्या मापाचं नाही. माल भरून ठेवण्याचं पुढे बोलतो, पण भाव वाढेल या आशेवर तर मुळीच नको. खरेदीच्या टेबलावर बसून मी जे पाहत आलोय त्यात नुसता भाव चढला म्हणून कारखाना गोत्यात आल्याची उदाहरणं थोडी. गोत्यात येतो तो आजच्या भावाने विकून चार महिन्यांनंतरच्या भावाने धातू घेणारा. तेव्हा भाव कुठे जाणार याचा अंदाज बांधण्यापेक्षा हे मधले दिवस कमी कसे करता येतील ते पाहा.

आकड्यांत सांगतो. एका एक्स्चेंजरची विक्री किंमत १०० धरा. त्यात क्युप्रोनिकेल (तांबं-निकेलचा मिश्रधातू) ट्यूबचे २४, प्लेट आणि फोर्जिंगचे १८, बाकी साहित्याचे १३. उरलेल्या ४५ मध्ये मजुरी, वेल्डिंग, तपासणी, वाहतूक, व्याज, वरखर्च आणि ८ नफा. ट्यूबच्या २४ मधले १६ धातूचे आणि ८ ट्यूब ओढण्याचे असं समजा. तांबं आणि निकेल १५ टक्के चढलं की २.४ गेले. प्लेट १० टक्के चढली की १.८ गेले. एकूण ४.२, म्हणजे निम्म्याहून जास्त नफा खलास. आणि एवढी चढउतार या धातूंना काही विशेष नाही, वर्तमानपत्रात तिची बातमीसुद्धा होत नाही.

प्रत्येक मोठ्या चौकशीसाठी असा तक्ता करा: कुठला धातू, किमतीचा किती हिस्सा आणि तो विकत घ्यायचा दिवस कोणता. पहिले दोन रकाने बहुतेक कारखान्यांत असतात. तिसरा नसतो, आणि पैसा बुडतो तो तिथेच.

आता ट्यूबवाला. एलएमई हा १८७७ पासून चालत आलेला बाजार आहे. तिथला सर्वांत प्रचलित भाव तीन महिन्यांनंतरच्या डिलिव्हरीचा असतो, कारण चिलीचं तांबं आणि मलायातलं कथील जहाजाने लंडनला पोचायला त्या काळी साधारण तेवढे दिवस लागत. जहाजं वेगवान झाली, तीन महिने तसेच राहिले. बातमीत दिसतो तो बहुधा हाच भाव. त्याच्या शेजारी रोखीचा भाव असतो. गोदामांत माल मुबलक असताना रोखीचा भाव जरा खाली असतो, टंचाई असली की तोच तीन महिन्यांच्या भावाच्या वर जातो. त्यामुळे ‘आज एलएमई किती’ असं विचारणाऱ्याने कुठला भाव हेही विचारायला हवं.

शिवाय तांब्याचा हा भाव कॅथोडचा, म्हणजे शुद्ध तांब्याच्या पत्र्यांचा आहे, २५ टनांच्या लॉटचा आणि एक्स्चेंजने मान्य केलेल्या गोदामातला. तुम्ही कॅथोड घेत नाही, ट्यूब घेता. मधे कॅथोडचा प्रीमियम येतो, बिलेट ओतणं येतं, एक्स्ट्रूजन, ड्रॉइंग, अॅनीलिंग, तपासणी, वाहतूक आणि शुल्क येतं. यातलं काहीही एलएमई उतरल्याने उतरत नाही. तांबं आणि निकेल १० टक्के पडलं तरी ट्यूब १० टक्के पडणार नाही. वरच्या हिशेबात ती साडेसहा-सात टक्केच पडायला हवी. आधी स्वतःची अपेक्षा नीट मोजा, मग भांडा.

भांडण्यासारखं मात्र नक्की असतं. चढत्या बाजारात पुरवठादार ‘पुन्हा भरायला मला काय पडेल’ या हिशेबाने विकतो आणि उतरत्या बाजारात ‘मला काय पडलंय’ या हिशेबाने. सुटे सुटे पाहिले तर दोन्ही युक्तिवाद रास्त आहेत. अडचण ही की तो बाजार पाहून युक्तिवाद बदलतो. त्याच्याशी रोज भावावर घासाघीस करून हे थांबत नाही, सूत्र ठरवल्याने थांबतं. धातूचा भाग वेगळा आणि कन्व्हर्जन, म्हणजे धातूची ट्यूब करण्याचा खर्च, वेगळं मागा. धातूचा भाग म्हणजे मागच्या पूर्ण महिन्याची एलएमई रोखीच्या अधिकृत भावाची सरासरी. ९०-१० क्युप्रोनिकेलला (९० टक्के तांबं, १० टक्के निकेल) ढोबळमानाने ०.९ तांबं अधिक ०.१ निकेल. कन्व्हर्जन सहा महिने किंवा वर्षभर स्थिर. पहिल्या बैठकीत तो ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणेल. मोठ्या गिऱ्हाइकांशी त्याचं असंच असतं, तेव्हा चिकाटी सोडू नका. सरासरीचा फायदा असा की दिवस निवडायची मुभा त्यालाही राहत नाही आणि तुम्हालाही राहत नाही.

स्टेनलेसचं गणित थोडं वेगळं. तिथे मिल मूळ किंमत आणि मिश्रधातूंचा सरचार्ज (निकेलसारख्या धातूंच्या भावाप्रमाणे बदलणारा अधिभार) असे दोन आकडे देते. ३०४ या प्रतीच्या स्टेनलेसमध्ये साधारण ८ टक्के निकेल, ३१६ मध्ये १० टक्के आणि वर किमान २ टक्के मॉलिब्डेनम. निकेल टनाला १,००० डॉलरने हललं की ३०४ च्या टनामागे ८० आणि ३१६ च्या टनामागे १०० डॉलर हलायला हवेत. एवढं तोंडी गणित येत असलं तरी सरचार्जच्या पत्रकातली अर्धी हवा निघून जाते. मॉलिब्डेनमकडे मात्र लक्ष ठेवा. त्याची बातमी होत नाही, पण ३०४ आणि ३१६ च्या भावातलं अंतर अचानक रुंदावलं तर तपासायचं पहिलं कारण तेच. सरचार्ज आधीच्या काळाच्या सरासरीवरून काढतात, म्हणून बाजार आणि बिल यांत महिना-दीड महिन्याचं अंतर पडतं. हे अंतर तुमच्याही कामाचं आहे. निकेल नुकतंच घसरलंय आणि काम थोडं थांबू शकतंय, तर पुढच्या महिन्याच्या सरचार्जवर बुकिंग करा. चढलंय, तर या महिन्याचा सरचार्ज बदलायच्या आत ऑर्डर टाका. यात सट्टा कसलाच नाही, सरासरीत येऊन गेलेला भाव फक्त बिलात यायचा राहिलेला असतो.

कार्बन स्टीलच्या प्लेटला एलएमईशी फारसं देणंघेणं नाही. तिथे लोहखनिज, कोकिंग कोळसा, भंगार आणि सगळ्यांच्या वर चीनची स्थिती. जगातलं निम्म्याहून जास्त कच्चं पोलाद तिथे बनतं. घरची बांधकामं मंदावली की तो माल बाहेर पडतो. २०२४ मध्ये चीनची पोलाद निर्यात ११ कोटी टनांच्या वर गेली. त्याने जगभर प्लेटचे भाव दबले आणि पाठोपाठ देशोदेशी अँटी-डम्पिंग चौकशा आणि संरक्षक शुल्कं आली. प्लेटच्या खरेदीदाराने खाणीची बातमी एक वेळ चुकवली तर चालेल, शुल्काची अधिसूचना चुकवून चालणार नाही.

सूत्र लिहिताना एक कलम लोक विसरतात, ते निकेलने शिकवलं. मार्च २०२२ च्या पहिल्या शुक्रवारी निकेल टनाला ३०,००० डॉलरच्या आत होतं. मंगळवारी, ८ मार्चला, ते एक लाख डॉलरच्या वर गेलं. चीनच्या त्सिंगशान या बड्या उत्पादकाने भाव पडेल या हिशेबाने मोठे सौदे करून ठेवले होते आणि रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणानंतर बाजार उलट्या दिशेने धावला. एलएमईने व्यवहार थांबवले, त्या दिवशीचे सौदे रद्द केले आणि निकेलचा बाजार पुन्हा उघडला तो १६ मार्चला. ज्यांच्या करारात ‘त्या दिवशीचा एलएमई भाव’ एवढंच लिहिलं होतं, त्यांच्या सूत्रात घालायला आठवडाभर आकडाच नव्हता. म्हणून कलम टाका: अधिकृत भाव जाहीर न झाल्यास त्याआधीच्या शेवटच्या ठरावीक दिवसांची सरासरी धरली जाईल आणि बाजार किती दिवस बंद राहिल्यावर दोन्ही पक्ष पुन्हा बोलणी करतील. दोन ओळींचं काम आहे.

पुरवठ्याच्या बातम्यांचं काय करायचं, हे बरेच जण विचारतात. पनामाच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये कोब्रे पनामा खाणीचा करार घटनाबाह्य ठरवला आणि जगाच्या तांब्याचा एक टक्क्याहून मोठा हिस्सा थांबला. सप्टेंबर २०२५ मध्ये इंडोनेशियातल्या ग्रासबर्ग खाणीत चिखलाचा लोंढा घुसला आणि खाणीच्या कंपनीला फोर्स मॅज्युअर (आपल्या हाताबाहेरच्या कारणाने माल देता येत नाही अशी घोषणा) जाहीर करावं लागलं. स्मेल्टरांना, म्हणजे खनिजापासून तांबं काढणाऱ्या भट्ट्यांना, त्या कामासाठी मिळणारा वार्षिक बेंचमार्क दर २०२४ मध्ये खनिजाच्या टनाला ८० डॉलर होता, तो २०२५ साठी २१.२५ डॉलरवर आला. म्हणजे भट्ट्या जास्त आणि खनिज कमी, अशी गत. तांब्याच्या भावासाठी हे सगळं महत्त्वाचं आहे. तुमच्या डिलिव्हरीच्या तारखेसाठी तितकं नाही. खाण बंद पडली म्हणून ट्यूब मिळाली नाही असं क्वचित घडतं. ट्यूब अडते ती ट्यूब मिलच्या रांगेत. मिलला दर महिन्याला एकच प्रश्न विचारा: आज ऑर्डर टाकली तर माल कुठल्या आठवड्यात निघेल? हे उत्तर लिहून ठेवत गेलात तर बाजार तापतोय की थंडावतोय हे बातमीच्या आधी कळतं.

यंत्र अडकतं ते बहुतेक वेळा वजनाने किरकोळ मालापायी. २०२१ च्या शरद ऋतूत चीनमध्ये वीजकपात झाली आणि मॅग्नेशियमच्या भट्ट्या बंद ठेवाव्या लागल्या. जगातलं बहुतेक मॅग्नेशियम तिथूनच येतं आणि अॅल्युमिनियमच्या कितीतरी मिश्रधातूंना ते लागतंच. धातू तोलाने नगण्य, पण तो नाही तर पत्रा नाही, अशी वेळ युरोपातल्या कारखान्यांवर येऊन ठेपली. ४ फेब्रुवारी २०२५ पासून चीनने टंगस्टन, मॉलिब्डेनम, बिस्मथ, टेल्युरियम आणि इंडियम यांच्या निर्यातीला परवाना लावला. ४ एप्रिलला डिस्प्रोशियम, टर्बियमसकट सात दुर्मिळ मृदा धातूंना. कार्बाइड इन्सर्ट (यंत्रावर धातू कापणारी पाती) टंगस्टनचे आणि सर्व्हो मोटरचे चुंबक दुर्मिळ मृदेचे. २० टनांचं यंत्र रंगवून उभं आहे आणि एका मोटरसाठी पाठवता येत नाही, असा प्रसंग यातून येतो. तक्त्यात चौथा रकाना घाला: ही वस्तू आली नाही तर पाठवणी किती दिवस अडेल? तो भरताना वस्तूची किंमत किती हे बघू नका.

आणि इथेच माल भरून ठेवण्याचं उत्तर आहे. भाव वाढेल म्हणून साठा केला तर तुम्ही धातूचे व्यापारी झालात, आणि त्या धंद्यात तुमच्याहून तयारीचे लोक बसलेत. साठा अशा वस्तूंचा करा ज्या बऱ्याच ऑर्डरींत सामाईक लागतात, यायला वेळ लावतात आणि पडून खराब होत नाहीत. नेहमीच्या मापाच्या फ्लँज, ठरावीक जाडीची प्लेट, वेल्डिंगच्या खास तारा, ड्राइव्ह आणि मोटर. ट्यूब शक्यतो नको, कारण लांबी, व्यास, जाडी आणि मिश्रधातू प्रत्येक ग्राहकाचे वेगळे. राहिलेल्या ट्यूब शेवटी भंगाराच्या भावाने जातात. साठ्यावरचं व्याजही हिशेबात धरा, ते कोणी वेगळं दाखवत नाही म्हणून फुकट वाटतं.

हेजिंगला मी मापाचं नाही म्हणालो त्याचं कारण साधं आहे. एलएमईचा तांब्याचा एक लॉट २५ टनांचा, निकेलचा ६ टनांचा. तुमच्या एका ऑर्डरीत तांबं ४ टन असेल तर एक लॉट घेणं म्हणजे २१ टनांचा सट्टा. भाव तुमच्या विरुद्ध गेला की मार्जिन, म्हणजे तोट्यापोटीची अनामत, रोखीत आणि लगेच भरावं लागतं, ग्राहकाचे पैसे मात्र पाठवणीनंतर येणार. शिवाय हेज होतो तो निव्वळ धातू. प्रीमियम, कन्व्हर्जन, शुल्क उघडेच राहतात. मोठ्या ट्यूब मिल स्वतः हेज करतात, त्यांच्याच पाठीवर बसा: तुमची ऑर्डर पक्की झाली त्याच दिवशी मिलकडून त्या टनांचा धातूचा भाव बांधून घ्या, माल नंतर उचला. त्यासाठी ती काही रक्कम आगाऊ मागेल. ती रक्कम कुठून आणायची, ते शेवटी सांगतो.

पर्यायी धातूचा विचार भाव चढल्यावर करण्यात अर्थ नसतो, कारण तोवर ड्रॉइंग मंजूर झालेलं असतं आणि बदलाची परवानगी यायला भाव उतरेपर्यंत वेळ जातो. पर्याय कोटेशनमध्येच द्या. ३१६एल च्या जागी २२०५ डुप्लेक्स ही स्टेनलेसची दुसरी प्रत घेतली तर निकेल निम्म्यावर, साधारण ५ टक्क्यांवर येतं. त्याची किमान यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणापर्यंत धातू कायमचा वाकत नाही तो) ४५० मेगापास्कल, ३१६एल ची १७०. म्हणून दाबाच्या भांड्याला शेल, म्हणजे बाहेरचं कवच, पातळ करता येतं. मात्र तापमान जास्त असेल तर ते चालत नाही. प्रेशर व्हेसलच्या ज्या कोडने काम करता त्यानुसार २५० ते ३१५ अंश सेल्सियसची मर्यादा येते. वेल्डिंगमध्ये उष्णतेवर काटेकोर नियंत्रण लागतं आणि त्याची प्रक्रिया वेगळी पात्र करून घ्यावी लागते. तुमच्या वेल्डरने ते आधी केलेलं नसेल तर पहिल्याच ऑर्डरीत धातूची बचत दुरुस्तीत जाईल. बसबारमध्ये (विजेच्या पॅनेलमधल्या वीजवाहक पट्ट्यांत) तांब्याऐवजी अॅल्युमिनियम हा दुसरा नेहमीचा पर्याय. त्याची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के, म्हणजे छेद साधारण १.६ पट घ्यावा लागतो आणि तरी वजन निम्म्याच्या आसपास राहतं. पैसे वाचतात, पण पॅनेलमध्ये जागा आहे का आणि जोडांची काळजी कोण घेणार, हे आधी विचारा.

राहिलं शुल्क. निर्यात करत असाल तर धातूच्या भावाहून हाच विषय सध्या जास्त डोकं खातो. अमेरिकेने पोलाद आणि अॅल्युमिनियमवरचं शुल्क मार्च २०२५ मध्ये २५ टक्के आणि ४ जूनला ५० टक्के केलं. ऑगस्टमध्ये ४०७ वस्तू-संकेतांक त्या यादीत ओढले, त्यात यंत्रं आणि सुटे भागही होते, आणि शुल्क बसलं वस्तूतल्या धातूच्या किमतीवर. म्हणजे पंपाच्या बिलात पोलाद किती, अॅल्युमिनियम किती, कुठे वितळवून ओतलं, हे सगळं आयातदार तुमच्याकडे मागणार. तो कागद मिलकडून खरेदीच्या वेळी घ्यायचा असतो, नंतर मागितला तर मिल दाद देत नाही. मिल टेस्ट सर्टिफिकेट (धातूच्या तपासणीचा दाखला) ३.१ प्रकारचं तुम्ही घेताच, त्याच्यासोबत वितळवण्याचा देश लेखी मागा.

तांब्याबाबत त्याच वर्षी झालं ते तर बघण्यासारखं होतं. शुल्क येणार या अंदाजाने आधीचे कित्येक महिने तांबं अमेरिकेकडे वाहत होतं. एलएमईच्या गोदामांतला साठा आटला, कॉमेक्सचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या एक्स्चेंजचा, भाव लंडनच्या खूप वर गेला. ३० जुलैला घोषणा झाली ती ५० टक्क्यांचीच, पण ट्यूब, वायर अशा अर्धतयार मालावर. कॅथोड त्यातून वगळलं. कॉमेक्सचा भाव एका दिवसात २० टक्क्यांच्या वर कोसळला. ज्यांच्या करारात कॉमेक्स लिहिलं होतं आणि ज्यांच्या करारात एलएमई, त्यांची त्या आठवड्यातली बिलं ओळखू येणार नाहीत इतकी वेगळी होती. तेव्हा सूत्रात एक्स्चेंजचं नाव लिहा आणि ग्राहक ज्या बाजारातला आहे त्याच्याशी ते जुळतंय का पाहा.

युरोपचं कार्बन सीमा समायोजन, म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरचा आकार, १ जानेवारी २०२६ पासून अहवालापुरतं न राहता प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात गेलं. पोलाद, अॅल्युमिनियम, पाइप, नटबोल्ट त्यात आहेत. यंत्रसामग्रीचा काही भाग त्यात आणण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये मांडला. तुम्ही तयार यंत्र पाठवत असाल तर आज घाबरायचं कारण नाही, पण सुटे पाइप-स्पूल (आधीच जोडून तयार केलेले पाइपचे तुकडे) पाठवत असाल तर मिलकडून उत्सर्जनाचे आकडे मागायला लागा.

आता ते ९० दिवसांचं कोटेशन. ते द्या, पण त्याखाली साधारण असा मजकूर टाका: ‘ही किंमत १५ दिवस स्थिर आहे. त्यानंतर ९० दिवसांपर्यंत ऑर्डर आल्यास ट्यूबमधील धातूचा भाग तांबे व निकेल यांच्या एलएमई रोखीच्या अधिकृत भावाच्या मागील महिन्याच्या सरासरीनुसार बदलेल. आधार म्हणून कोटेशनच्या आधीच्या महिन्याची सरासरी धरली आहे. आधारापासून ३ टक्क्यांपर्यंतचा फरक दोन्ही बाजूंनी सोडून दिला जाईल. भाव उतरल्यास किंमत त्याच सूत्राने कमी होईल. कोटेशननंतर लागू झालेले शुल्क व कर प्रत्यक्षानुसार.’ शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. भाव चढल्यावरच जागं होणारं कलम कुठलाही खरेदी अधिकारी खोडून टाकतो, आणि बरोबरच करतो.

ग्राहक तरीही स्थिर किंमतच मागत असेल तर दोन आकडे शेजारी शेजारी द्या. एक सूत्राचा. दुसरा स्थिर, तीन-चार टक्क्यांनी जास्त, सातच दिवस वैध आणि ऑर्डरसोबत ४० टक्के आगाऊ. वरच्या हिशेबात ट्यूब आणि प्लेट मिळून ४२ होतात, म्हणजे दोन्ही जवळजवळ त्याच पैशात त्याच आठवड्यात बांधून होतात. बहुतेक जण सूत्राचा आकडा घेतात. जो स्थिर घेतो त्याचा अॅडव्हान्स खात्यात जमा झाल्याशिवाय ट्यूबची ऑर्डर टाकू नका, आणि जमा झाल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबूही नका.